लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम : आयकॉनही नीट करून द्या

संपादक महोदय,

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. तेव्हा लहान दुकाने, छापखाने, फोटो स्टुडिओ यांनी अशा संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम घालून घेणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. विंडोजचा एखादा जुना प्रोग्राम हवाच असेल, तर तो १९९३ पासून विकसित होत असलेल्या 'वाइन' या, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने बऱ्याचदा चालतोही. अडते ते पुढे. बसवून देणारा तंत्रज्ञ प्रोग्राम एकदा उघडून दाखवतो आणि जातो. रोज काम करणाऱ्याला मात्र लपवलेल्या फोल्डरांच्या चार पायऱ्या उतरून प्रोग्राम सुरू करणारी ईएक्सई फाइल शोधावी लागते. आठवड्याभरात 'लिनक्स अवघड आहे' असा शिक्का बसतो, आणि तो अन्यायाचा आहे.

लिनक्सवरचा शॉर्टकट म्हणजे साधी मजकुराची फाइल. नावाच्या शेवटी 'डॉट डेस्कटॉप' हवे आणि जागा होम फोल्डरातल्या 'डॉट लोकल', त्यातल्या 'शेअर', त्यातल्या 'ॲप्लिकेशन्स' या फोल्डरात. टिंबाने सुरू होणारे फोल्डर फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबल्यावर दिसतात. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात 'डेस्कटॉप एन्ट्री'; मग 'टाइप' म्हणजे ॲप्लिकेशन, 'नेम' (नाव), 'एक्झेक' (चालवायची आज्ञा), 'पाथ' (चालू फोल्डर), 'आयकॉन' (चित्र) अशा ओळी, प्रत्येकीत बरोबरचे चिन्ह. हे शब्द रोमन अक्षरांत आणि या फाइलींच्या स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या नियमांत, आहेत तसेच टाइप करायचे. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक चालत नाही.

बहुतेक चुका 'एक्झेक'च्या ओळीत होतात. वाइन प्रोग्राम एका 'प्रीफिक्स'मध्ये, म्हणजे स्वतःच्या सी ड्राइव्हच्या फोल्डरात, ठेवते; नेहमीचा प्रीफिक्स एकच असतो, पण वेगळे प्रीफिक्सही करता येतात. प्रोग्राम वेगळ्या प्रीफिक्समध्ये बसवला आणि शॉर्टकटमध्ये त्याचा उल्लेख करायचा राहून गेला, तर वाइन आपल्या नेहमीच्या प्रीफिक्समध्ये जाते. मग प्रोग्राम उघडतच नाही, किंवा उघडला तरी सेटिंग आणि नोंदणी गेल्यासारखी दिसते. डेटा जागेवरच असतो. दार चुकलेले असते. म्हणून ओळीची सुरुवात 'एन्व्ह'ने करून पुढे 'वाइनप्रीफिक्स' आणि त्याचा पूर्ण पत्ता द्यावा. पत्ता 'स्लॅश होम'पासून लिहावा. टर्मिनलमध्ये चालणारे टिल्डचे चिन्ह इथे चालत नाही, कारण ही ओळ शेलमधून, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्राममधून, जात नाही.

'प्रोग्राम फाइल्स' या नावात मोकळी जागा आहे, म्हणून ईएक्सईचा पत्ता दुहेरी अवतरणात हवा. विंडोजच्या पद्धतीने उलटा स्लॅश वापरला, तर अवतरणातल्या एका उलट्या स्लॅशसाठी चार लिहावे लागतात. त्यापेक्षा लिनक्सचा सरळ स्लॅशचा पत्ता द्यावा.

'पाथ'ची ओळ बहुतेक जण गाळतात. जुने प्रोग्राम आपल्या डेटा फाइली आणि डीएलएल (प्रोग्रामला लागणाऱ्या सहायक फाइली) 'चालू फोल्डर'मध्ये शोधतात. ती ओळ नसेल तर चालू फोल्डर सहसा होम असतो, आणि 'फाइल सापडत नाही' असे म्हणून प्रोग्राम बंद पडतो. फाइल मॅनेजरमधून चालणारा प्रोग्राम मेनूतून चालत नसेल, तर आधी इथे पाहावे. तरीही उलगडा झाला नाही, तर 'एक्झेक'ची ओळ जशीच्या तशी टर्मिनलमध्ये चालवावी. वाइनची तक्रार समोर वाचायला मिळते. फाइलीतल्या लिखाणाच्या चुका 'डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट' दाखवते.

मराठी वाचकांच्या कामाची गोष्ट इथून पुढे आहे. ही फाइल यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत असते, म्हणून 'नेम'पुढे थेट 'फोटो लहान करा' किंवा 'हिशेब' लिहिता येते. संगणकाची भाषा कधी इंग्रजी, कधी मराठी असेल, तर 'नेम'ला लागून चौकोनी कंसात एम-आर ही अक्षरे घालून वेगळी मराठी ओळ लिहावी. भाषा मराठी असताना तेच नाव दिसते. मूळ रोमन नाव 'कीवर्ड्स'च्या ओळीत ठेवावे, म्हणजे ते टाइप करूनही प्रोग्राम सापडतो. मात्र मराठी नाव शॉर्टकटलाच द्यावे, प्रोग्रामच्या फोल्डरला नाही. युनिकोडपूर्व काळातल्या प्रोग्रामांना देवनागरी फोल्डरनावाच्या जागी प्रश्नचिन्हे दिसू शकतात आणि फाइल उघडत नाही.

चित्रही हवे, कारण वाचण्याआधी ओळखू येते ते चित्रच. 'आयकोयुटिल्स' पॅकेजातले 'रेसटूल' ईएक्सईमधून मूळ चिन्ह काढते आणि 'आयकोटूल' त्याचे पीएनजी करते.

फोटोवर राइट-क्लिक करून तो इरफानव्ह्यूसारख्या प्रोग्राममध्ये उघडायचा असेल, तर 'एक्झेक'च्या शेवटी नुसते 'टक्के-एफ' (निवडलेल्या फाइलीच्या पत्त्याची खूण) पुरत नाही. लिनक्सचा पत्ता स्लॅशने सुरू होतो आणि विंडोजचे कित्येक प्रोग्राम स्लॅश म्हणजे स्विच, म्हणजे प्रोग्रामला दिलेली सूचना, समजतात. मध्ये दोन ओळींची शेल स्क्रिप्ट ठेवून तिच्यात 'वाइनपाथ'ने पत्ता विंडोजच्या पद्धतीचा करून घ्यावा.

इन्स्टॉलर असलेला प्रोग्राम बसवला, तर वाइन स्वतःच मेनूत नोंदी करते. नुसता कॉपी केलेला पोर्टेबल प्रोग्राम मात्र हाताने नोंदवावा लागतो. याच सोयीची दुसरी बाजू अशी, की कधी साध्या टेक्स्ट फाइलीही वाइनच्या नोटपॅडमध्ये उघडू लागतात. ते नको असेल तर 'वाइनसीएफजी' या वाइनच्या सेटिंगच्या खिडकीतल्या डेस्कटॉप इंटिग्रेशन टॅबवरील फाइल असोसिएशनची खूण काढावी आणि 'ॲप्लिकेशन्स' फोल्डरातल्या 'वाइन-एक्स्टेन्शन' नावाच्या फाइली पुसाव्यात.

हार्डवेअर लॉक (परवान्यासाठी संगणकाला लावून ठेवायचे उपकरण) लागणाऱ्या प्रोग्रामांचे काम वाइनवर बहुधा होत नाही, कारण त्यांना विंडोजचा कर्नल ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणारा ड्रायव्हर, हवा असतो. ग्राहकाला हे आधीच सांगावे. आयकॉन डेस्कटॉपवर ठेवायचा असेल, तर उबुंटूमध्ये त्यावर राइट-क्लिक करून 'अलाउ लाँचिंग' निवडावे. नाहीतर तो दिसतो, पण उघडत नाही.

– एक वाचक, नाशिक