स्प्लिंटची कड नीट कापणाऱ्या ताईंस

ताई, स. न. वि. वि.

संधिवाताने दुखणाऱ्या मनगटांसाठी तुम्ही करून देता त्या स्प्लिंटबद्दल, म्हणजे मनगटाला आधार देणाऱ्या कडक पट्ट्याबद्दल, अस्थिरोग आणि संधिवाताच्या डॉक्टरांकडून हे जाहीर आभार. चिठ्ठीवर ‘मनगटाचा स्प्लिंट’ एवढे दोन शब्द लिहून आमचे काम संपते. तो हातावर राहणार की कपाटात पडणार, हे तुमची कात्री ठरवते.

थर्मोप्लास्टिकचा पत्रा साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ पडतो. तो टॉवेलवर टिपून, थोडा निवू देऊन हातावर बसवला की आकार द्यायला जेमतेम काही मिनिटे मिळतात. तेवढ्यात तुम्ही मनगट १० ते २० अंश मागे झुकलेले धरता, कारण त्याच स्थितीत पकडीला जोर येतो. पुढची कड तळहातावरच्या आडव्या रेघांच्या अलीकडे थांबते, म्हणून बोटे मुळापासून वाकतात. तीच कड सेंटिमीटरभर पुढे गेली तर मूठ वळत नाही, आणि मूठ न वळणारा स्प्लिंट कोणी घालत नाही. मागे पत्रा मनगट ते कोपर या अंतराच्या दोन-तृतीयांशापर्यंत जातो. आखूड ठेवला की सगळा भार मागच्या कडेवर येऊन ती रुतते. करंगळीच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा असतो, त्यावर तुम्ही पॅड आधी ठेवता आणि पत्रा वरून बसवता. पॅड नंतर आतून चिकटवले तर ते जागा खाते, दाब उलट वाढतो. आणि स्प्लिंट काढल्यावर २० मिनिटांतही लाली गेली नाही, तर तेवढाच भाग पुन्हा गरम करून उचलता. हे सगळे पेशंट टेबलावरून उठण्याआधी!

तुमच्या नोंदींचे ऋण वेगळेच. मनगटाची झीज नुसत्या वयाने क्वचित होते. बहुतेकदा मागे जुना मार असतो: मोडून न जुळलेले स्कॅफॉइड (मनगटातले एक छोटे हाड), ‘लचकले असेल’ म्हणून सोडून दिलेला फाटका लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा). ‘अंगठ्यामागच्या खळग्याजवळ दाबल्यावर दुखते, पूर्वी हातावर पडले होते’ ही तुमची एक ओळ आली की आम्ही मूठ घट्ट आवळून एक्स-रे काढायला सांगतो. स्कॅफॉइड आणि ल्युनेट या हाडांमधली फट ३ मिलिमीटरपेक्षा मोठी असली तर लिगामेंट फाटल्याचा संशय पक्का होतो. साध्या एक्स-रेत ही फट झाकलेली राहू शकते.

दोन्ही मनगटे सुजलेली, सकाळचा ताठरपणा तासाच्या वर, असे दिसले की तुम्ही रूमॅटॉइडची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या संधिवाताची, शंका लिहिता. त्यासाठीची रक्ततपासणी, आरए फॅक्टर, निगेटिव्ह आली तरी ती पुसत नाही, हे फार बरे करता. अशा हाताची करंगळी अचानक सरळ होईनाशी झाली, तर तुमचा फोन त्याच दिवशी येतो. खडबडीत हाडावर घासून स्नायूबंध तुटलेला असतो, आणि उशीर झाला की शेजारच्या बोटाचाही जातो. मनगट लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर तुम्ही पत्रा गरम करायलाच घेत नाही. सांध्यात पू असू शकतो, पाणी काढून तातडीने तपासावे लागते.

मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे, रोज नाही, हे तुम्ही पेशंटकडून वदवून घेता. ही चूक जिवावर बेतते, म्हणून या एका प्रश्नासाठी शंभरदा आभार. इंजेक्शनाने दुखणे थांबले म्हणून जड ओझे उचलणाऱ्यांनाही तुम्हीच आवरता. आणि मनगट कायमचे जखडण्याच्या शस्त्रक्रियेला घाबरलेल्यांना तुम्ही त्यांचाच हात धरून दाखवता: तळहात वर-खाली वळतो तो कोपर ते मनगट जाणाऱ्या रेडियस आणि अल्ना या दोन हाडांमधल्या सांध्यामुळे, तो सांधा धड असेल तर ते वळणे शाबूत राहते. आमच्या तोंडून हेच ऐकून ते घरी जातात. तुम्ही दाखवल्यावर तारीख विचारायला येतात.

आपले ऋणी,
चिठ्ठीवर दोन शब्द लिहिणारे डॉक्टर