गॉज भिजेपर्यंत

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आठ दिवस उशाशी पडून होतं. लगेच लिहायला बसलो असतो, पण तेव्हा तुझ्या साहेबावर इतका भडकलो होतो की सौम्यपणावरच्या पत्राची सुरुवात शिव्यांनी झाली असती.

‘तू फार मऊ आहेस’ असं त्याने तुला चारचौघांत ऐकवलं आणि ते तुला लागलं. लागणारच. आपल्या भाषेतही मऊपणाची धडगत नाही. मऊ सापडलं की लोक कोपराने खणतात. गरीब स्वभावाच्या माणसाची लगेच गाय होते. आणि वर्तमानपत्रांत सौम्य काय असतं, तर लाठीमार!

माझं सांगतो. गेल्या महिन्यात आईच्या पायाला जखम झाली. पहिले दोन दिवस ड्रेसिंग मीच बदललं. गॉज जखमेला चिकटलेला असायचा आणि मी ‘एकदाचं होऊन जाऊ दे’ म्हणत तो ओढून काढायचो. आई ओठ दाबून बसायची. तिसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. त्यांनी हात धुतले, सलाइनने गॉज पार भिजवला आणि नुसत्या बसून राहिल्या. चांगली चार-पाच मिनिटं. मी घड्याळाकडे बघतोय आणि त्या आईला विचारताहेत, रात्री झोप लागते का. मग गॉजचा एक कोपरा उचलला. चिकटतोय असं दिसल्यावर पुन्हा दोन थेंब, पुन्हा थांबणं. गॉज सुटला तेव्हा आईला कळलंसुद्धा नाही. ओढून काढला की खाली धरू लागलेली नवी कातडीही त्याच्याबरोबर निघते आणि जखम भरायला आणखी दिवस लागतात, हे त्यांनी मला जाता जाता सांगितलं. आवाज न चढवता.

मला आईची दया येत नव्हती का? जीव तुटत होता रे. पण तुटणारा जीव माझा होता आणि त्याची घाई तिच्या पायावर निघत होती.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुण सांगितलेत. तिथे एकाच श्लोकात ‘दया भूतेषु’ आहे आणि ‘मार्दवं’ही आहे. मला आजवर वाटायचं, वृत्त भरायला एकच गोष्ट दोनदा घातली असेल. जैनांच्या दशलक्षण धर्मात तर मार्दव क्षमेच्या पाठोपाठ येतं आणि तिथे त्याचा अर्थ मान गळणं, अहंकार नसणं. हे मला कोडंच होतं. मऊपणाचा आणि गर्वाचा संबंध काय? तो गॉज पाहिल्यावर लागला. मी ओढत होतो, कारण माझ्या लेखी माझी वेळ तिच्या जखमेपेक्षा मोठी होती.

तेव्हापासून ‘हळू’ हा शब्द डोक्यात घोळतोय. तो आला संस्कृत ‘लघु’पासून, अक्षरांची उलटापालट होऊन. म्हणजे मूळचा अर्थ हलका. आपण तो चालण्याला लावतो, बोलण्याला लावतो आणि ‘हळुवार’ म्हटलं की त्यात स्पर्शही येतो. वजन, वेग, आवाज, सगळं एका शब्दात. शरीरालाही हे ठाऊक आहे बरं का. आपल्या केसाळ त्वचेत काही मज्जातंतू असे असतात की हलका हात सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या वेगाने फिरला, तरच ते सर्वांत जास्त जागे होतात. म्हणजे गोंजारण्याचा वेग. भराभर हात फिरवला की ते थंडावतात.

आता तुझं. तुझ्या हाताखालच्या त्या पोराला तू बाजूला घेतलंस, चूक दाखवलीस आणि सगळी आकडेमोड त्याच्याकडूनच पुन्हा करून घेतलीस. याला कोण मऊ म्हणेल? तू चूक झाकली नाहीस, फक्त ओढून काढली नाहीस.

दुसऱ्या प्रसंगात मात्र तुझ्या बाजूने बोलवत नाही. साहेब भर बैठकीत त्याच पोराला फाडून खात होता आणि तू वहीत डोकं घालून बसलास. ‘वाद वाढवायचा नव्हता,’ असं लिहिलंयस. अरे, हा भिडस्तपणा. त्याला सौम्यपणाचा सदरा घालू नकोस. ॲरिस्टॉटलने सौम्यतेची जागा रागीटपणा आणि रागच न येणं यांच्या मधोमध ठेवली. योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य वेळी आणि हवा तेवढाच रागावतो, तो सौम्य. जिथे रागवायला हवं तिथेही जो रागवत नाही, त्याची गणती तो मूर्खांत करतो. मी काही तुला तसं म्हणणार नाही (अशा बैठकांत मीही पुष्कळ वह्या भरल्यात). पण ‘काम माझ्या देखरेखीखालचं आहे, जे विचारायचं ते मला विचारा’ एवढं वाक्य हळू आवाजातही म्हणता आलं असतं. कदाचित हळू आवाजातच ते जास्त लागलं असतं.

आईची जखम भरत आलीय. ड्रेसिंग पुन्हा माझ्याकडे आहे. गॉज भिजेपर्यंत काय बोलावं ते मला सुचत नाही, म्हणून काल तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. रागावू नकोस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘त्याला विचार, नंतर त्या पोराशी बोलला का?’

बोललास का?

तुझाच,
मी