अण्णांना ठेवू कुठे, बंडू?

कराड
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बंडू,

तुझा मेसेज येऊन नऊ दिवस झाले आणि मी वाचून गप्प बसलो, रागावलो वगैरे नाही रे. "अण्णांना एखाद्या चांगल्या ठिकाणी ठेव, तुझे आणि वहिनीचे हाल बघवत नाहीत" हे तू मायेने लिहिलंस ते कळतं मला. पण त्याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत देता येईना. आज अण्णा जरा लवकर झोपलेत तर बसलोय लिहायला, पत्र लांबणार आहे, सावकाश वाच.

ठिकाण शोधलं नाही असं समजू नकोस. जूनमधे शाळा सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस मी तेवढंच करत होतो. पहिली गंमत म्हणजे काय शोधायचं तेच सांगता येईना. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की लोकांना बाळंतपणाचं किंवा अपेंडिक्सचं छोटं खाजगी हॉस्पिटलच डोळ्यासमोर येतं, पाटीवर पण तेच असतं. वृद्धाश्रम म्हटलं की भजन, बाग, कट्ट्यावर बसलेले आजी-आजोबा. आणि जो माणूस ना हॉस्पिटलचा राहिला ना बागेत बसण्यातला, म्हणजे अण्णांसारखा पॅरालिसिस होऊन एक बाजू गेलेला, नाकातून नळी, लघवीची पिशवी लावलेला, त्याच्यासाठी धड शब्द पण नाही आपल्याकडे. कुणी केअर सेंटर म्हणतं, कुणी शुश्रूषा केंद्र, कुणी नुसतंच "पेशंट ठेवून घेतात तिकडे".

सतरा ठिकाणी फोन केले मी, वहीत लिहून ठेवलंय. बहुतेक ठिकाणी नाव-गावाच्या आधी पहिला प्रश्न एकच, "चालते-फिरते आहेत का? स्वतःचं स्वतः करतात का?" नाही म्हटलं की "आमच्याकडे बेडरिडन घेत नाही हो". एका बाईंनी तर फार वाईट वाटून सांगितलं, की सर, आमच्याकडे 40 जण आणि रात्रीला एकच मावशी असते, तुमच्या वडिलांना घेतलं तर मी त्यांच्यावर अन्यायच करीन. खोटं बोलून घेतलं असतं तर मला कळलं पण नसतं, त्यांनी खरं सांगितलं म्हणून मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला.

एक जागा मात्र मनात भरली. सांगलीच्या बाजूला, भाड्याचा जुना बंगला, 22 खाटा, एक नर्स आणि तिचा नवरा चालवतात. मी न सांगता दुपारी तीनला गेलो. वास आला नाही बंडू, हे तुला सांगितलंच पाहिजे, कारण अशा ठिकाणी दारातच नाकाला सगळं कळतं. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी पुठ्ठ्यावर एक कागद, त्यावर दर दोन तासांची घरं आखलेली, डावी कूस, उजवी कूस, उताणा, आणि समोर मावशीची सही. मी उभा होतो तेवढ्यात एक मावशी आली, एका आजोबांना म्हणाली "बाबा, वळायचं हां आता", मग एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, पाठीशी उशी, दोन गुडघ्यांच्या मधे दुसरी उशी, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी, चादरीची सुरकुती हाताने साफ केली आणि मग सही केली. दीड मिनिट लागलं असेल. ते आजोबा तिचा हात सोडेनात. मी बाहेर येऊन गाडीत बसलो आणि रडलो, खोटं कशाला सांगू.

महिना 24 हजार. वर डायपर, औषधं, फिजिओ वेगळं. म्हणजे धरून चाल 32-33 हजार. त्या नर्सताईंनी वही उघडून दाखवली मला, लपवलं काही नाही. पगारच सव्वादोन लाखाच्या वर जातात, भाडं, बावीस माणसांचं आणि स्टाफचं जेवण, रोजची पोतंभर चादरी धुणं, लाईट बिल, आणि 22 पैकी 5 जणांकडून त्या निम्मेच पैसे घेतात कारण त्यांच्या घरच्यांचं तेवढंच झेपतं. सरकारकडून किती मिळतं विचारलं तर म्हणाल्या, सर एक रुपया नाही, आणि मावशी पण टिकत नाहीत कारण तेरा हजारात रात्रपाळी करून कोण रोज दुसऱ्याच्या बापाची घाण काढेल. महाग आहे असं मी म्हणूच शकत नाही. तेवढं लागतंच. पण अण्णांची पेन्शन किती माहितीये ना तुला? कारखान्यात 31 वर्षं टर्नर म्हणून काढली, ईपीएस 95 ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या योजनेची पेन्शन, महिना 1,740 रुपये. त्या योजनेत किमान पेन्शन 1,000 रुपये आहे ती 2014 पासून तिथेच आहे. श्रावणबाळ, म्हणजे राज्य सरकारची गरीब ज्येष्ठांची पेन्शन, मिळेल का विचारायला तहसीलला गेलो तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजाराच्या आत पाहिजे. वर्षाचं, महिन्याचं नाही. मी अनुदानित शाळेतला मास्तर, म्हणजे आम्ही गरीब नाही. आणि घरावर कर्ज, पोरीचं शिक्षण बघता महिना 33 हजार बाजूला काढू शकू असे श्रीमंत पण नाही. आपल्यासारखी बहुतेक घरं इथेच मधे अडकलेली आहेत.

थांब जरा, दोन वाजायच्या आत अण्णांना एकदा वळवून येतो.

आलो. तर ऐक, मला जे खरं सांगायचंय ते आता सांगतो.

ऑगस्टमधे अण्णांना माकडहाडावर जखम झाली, बेडसोअर. आधी रुपयाएवढी लाल, आम्हाला वाटलं घामोळं असेल, आठ दिवसात आत एवढी खोल गेली की ड्रेसिंग करताना माझे हात थरथरायचे. ताप, इन्फेक्शन, अ‍ॅडमिट, 11 दिवस. 70 च्या वरच्यांचं आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढलेलं होतं, 5 लाखांपर्यंतचं, 2024 च्या ऑक्टोबरात सुरू झालं ते. बिल त्यातून गेलं, आम्हाला काही पडलं नाही, आणि त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पण ती योजना हॉस्पिटलात भरती होण्याची आहे. डिस्चार्जनंतर 15 दिवसांचं बघते, सोळाव्या दिवशी घरचे आणि त्यांचं नशीब. आणि जखम कशाने झाली? जुलैत मी पेपर तपासण्यात होतो, तुझी वहिनी आजारी होती, पेशंट सांभाळायला ब्यूरोकडून येणारी बाई न सांगता बंद झाली, चार-पाच रात्री अण्णा एकाच कुशीवर राहिले. बस एवढंच. म्हणजे दोन तासांनी कूस बदलायला माणूस लागतो त्याला सरकारकडे पैसे नाहीत, पण कूस न बदलल्याने झालेल्या जखमेच्या हॉस्पिटलला आहेत. माणुसकी सोड, नुसता हिशोब म्हणून बघ, हा कुठल्या घराला परवडेल?

तू मंत्रालयात 28 वर्षं काढलीस, म्हणून हे सगळं तुलाच लिहितोय. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा 2007 चा, त्यातलं कलम 19 मी परवा नीट वाचलं. प्रत्येक जिल्ह्यात टप्प्याटप्प्याने निदान एक वृद्धाश्रम, 150 निराधार ज्येष्ठांसाठी. वाचून बरं वाटतं आणि मग लक्षात येतं की राज्य सरकार "स्थापन करू शकेल" असं लिहिलंय, "करील" नाही. एका क्रियापदावर सगळं अडलंय. राज्यात 1995 ला मातोश्री वृद्धाश्रम योजना आली होती, तेव्हा अण्णाच म्हणाले होते चांगलं काम केलं. केंद्राच्या ज्येष्ठांच्या एकात्मिक कार्यक्रमात तर अल्झायमर आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी वेगळ्या सततच्या शुश्रूषा गृहांना अनुदान द्यायची तरतूद आहे. म्हणजे कल्पना कुणाला सुचली नाही असं नाही. पैसे आणि माणसं नाहीत त्यामागे. मुख्यमंत्री वयोश्रीत 3,000 मिळतात, एकदाच, चष्मा-काठी-कमोडची खुर्ची यासाठी, चांगलंच आहे, पण अण्णांना आता काठीचा काय उपयोग.

आणि हा काही आमच्या एका घरचा प्रश्न नाही. 2011 च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं 10 टक्क्यांच्या जवळ होती, त्यालाही किती वर्षं झाली. केंद्राने 2017-18 मधे ज्येष्ठांचा मोठा सर्व्हे केला, लासी म्हणतात त्याला, त्यात देशातल्या साठीच्या वरच्या जवळपास 24 टक्के लोकांना आंघोळ, कपडे, खाणं, संडासला जाणं यातली निदान एक तरी गोष्ट अवघड जाते असं निघालं. यातले सगळे काही अंथरुणाला खिळलेले नाहीत, पण ज्यांना कुणाचा तरी हात लागतो, त्यांना तो हात बहुतेक वेळा सुनेचा किंवा मुलीचा असतो. तुझ्या वहिनीने मार्चमधे शिलाईचं दुकान बंद केलं, बंडू. चौदा वर्षांचं दुकान, दोन मशीन, दोन बायका कामाला. मशीन आता अण्णांच्या खोलीत कपडा टाकून ठेवलंय, वर डायपरचे पुडे. ती कधी बोलत नाही पण परवा कुणाचा तरी फोन आला ब्लाउज शिवाल का म्हणून, तर नाही म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ मशीनपाशी उभी होती.

लोक म्हणतील, आईबापांना सांभाळणं पोरांची जबाबदारी, ती सरकारवर कशाला टाकता, आपली संस्कृती काय सांगते. तू पण मनात म्हणत असशील, हरकत नाही. पण पोरं शाळेत घालतो म्हणून आपण आईबाप म्हणून कमी पडलो असं कुणी म्हणतं का? शाळेला अनुदान आहे, माझा पगार त्यातूनच येतो. मग 82 वर्षांच्या माणसाला धड वळवायला शिकलेली बाई लागते, तर तिच्या पगाराला अनुदान मागताना मान खाली का घालायची? जर्मनीत 1995 पासून पगारातून शुश्रूषेचा वेगळा विमा कापतात, त्यात मालकाचा पण वाटा. आपल्या राज्य सरकारने 2024 मधे तिकडच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, आपल्या पोरापोरींना तिकडे कामाला पाठवायचा, त्यात नर्सिंग पण आहे. माझी एक विद्यार्थिनी त्यासाठी जर्मन शिकतेय, मला तिचा अभिमान आहे, जाऊ दे तिला. पण तीच पोरगी सांगलीच्या त्या बंगल्यात सन्मानाने कामाला राहील एवढा पगार आपण का देऊ शकत नाही, हे मला कुणीतरी सांगावं.

आणि लांब कशाला, केरळ बघ. 2008 ला त्यांनी पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे मोठ्या दुखण्यातल्या माणसाचा त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं, धोरण केलं आणि पंचायती स्वतःच्या निधीतून नर्स ठेवतात, ती घरोघरी जाऊन अंथरुणावरच्या माणसाचं ड्रेसिंग करते, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलते, घरच्यांना शिकवते. आपल्याकडे मी कॅथेटर बदलायला दर वेळी अ‍ॅम्ब्युलन्स करतो, दीड हजार रुपये आणि अण्णांचे हाल.

आता तुझ्याकडे काम. इथल्या ज्येष्ठ नागरिक संघात मी बोललोय, आमदारांना निवेदन द्यायचं ठरलंय, मार्चच्या अधिवेशनाच्या आत. पण माझं निवेदन म्हणजे निबंध होतो. तुला माहितीये कुठल्या विभागाकडे जायचं, सामाजिक न्याय की आरोग्य, की दोघे एकमेकांकडे टोलवणार, आणि लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमधे त्या खर्चाचं खातं, नसेल तर मंत्र्याचं आश्वासन पण कागदावरच राहतं हे तूच मला शिकवलंस. मागण्या माझ्या डोक्यात अशा आहेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी दर खाटेमागे दरमहा परिपोषण अनुदान, आणि ते दर वर्षी महागाईप्रमाणे वाढलं पाहिजे, नाहीतर केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनसारखं होईल, 60 ते 79 ला केंद्राचा वाटा अजून 200 रुपयेच आहे. उत्पन्नाची अट 21 हजार नको, खर्च किती आणि घरचं उत्पन्न किती ते बघून कुणाला पूर्ण, कुणाला निम्मं. अनुदानातला ठराविक भाग मावशींच्या पगारालाच गेला पाहिजे, बँकेत जमा. आणि घरी ठेवणाऱ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातून महिन्यातून दोनदा नर्स.

अनुदान लाटणारे निघतील हे मला दिसतंय. खोटी हजेरी, खोट्या खाटा, आश्रमशाळांचं आपण बघितलंय. म्हणून पैशाबरोबर तपासणी पाहिजेच, आणि ती फाईल बघून जाणारी नको. नर्सने न सांगता यावं, चादर बाजूला करून पाठ आणि टाचा बघाव्यात. जखमा किती, त्या आल्या कधी, रात्री माणसं किती, एवढ्यात कळतं सगळं. माझ्यासारख्या मास्तरला दहा मिनिटात कळलं तर त्यांना का नाही कळणार.

तू दोन पानांत बसव. तुझी ती सरकारी भाषा चालेल, पण पहिल्या पानावर त्या दोन तासांच्या कागदाचं राहू दे, तो काढू नकोस.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर, अण्णांना सध्या कुठेच ठेवत नाही. सांगलीला नाव लावलंय, त्या ताई म्हणाल्या खाट रिकामी झाली की फोन करते. खाट रिकामी होते म्हणजे काय होतं ते माहीत असल्यामुळे फोनची वाट पण धड बघता येत नाही. अण्णांना तुझं नाव सांगितलं परवा, बोलता येत नाही पण डावा हात उचलला, तू आलास की पाठीवर थाप मारायचे ना, तसा.

माईंच्या गुडघ्याचं काय ठरलं ते कळव, नमस्कार सांग.

तुझा
पक्या

ता.क. येशील तेव्हा ठाण्यातल्या त्या होलसेलवाल्याकडून मोठ्या साईझचे डायपर दोन बॉक्स आण. 2025 च्या सप्टेंबरात त्यांच्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय, त्याच्याकडे नवा भाव लागतोय का ते आधी विचार, इथला दुकानदार अजून जुन्याच भावाने देतोय.