बोट क्लबच्या शंभरीआधी त्याचा इतिहास लिहा

संपादक महोदय,

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचा बोट क्लब 1928 साली सुरू झाला. 2028 मध्ये त्याला शंभर वर्षं होतील. तेव्हा मांडव पडेल, स्मरणिका निघेल, शुभेच्छा संदेश येतील. ते व्हावंच. पण क्लबचा इतिहास नीट लिहायचा तर आत्ताच कामाला लागायला हवं, कारण तो ज्यांना ठाऊक आहे ती माणसं थकत चालली आहेत.

मी सत्तरच्या दशकात तिथे स्थापत्य शाखेला होतो. चौघांच्या बोटीत वल्हं मारायचो. पुणेकरांना हा क्लब माहीत आहे तो रेगाटा या नदीवरच्या सोहळ्यामुळे: मुळा नदीच्या पाण्यावरच्या मशाली, कयाक नावाच्या अरुंद होड्यांचा बॅले, काठावरची गर्दी. त्या एका संध्याकाळीमागे कित्येक महिन्यांच्या पहाटा असतात आणि त्या पहाटांना आमच्याही आधी हजर असायचे ते बोटमन. आम्हाला शिकवणारे बोटमन सराव चालू असताना बऱ्याचदा नदीकडे पाठ करून फळ्यांच्या फटी बुजवत बसलेले असत. तरी कोणाचं चुकतंय ते त्यांना कळायचं. चौघांची वल्ही खोबणीत एकदम वळली पाहिजेत, आवाज एकच आला पाहिजे, तो फुटला की ते मान न वळवता ओरडायचे, "तीन नंबर, घाई करतोय!" तीन नंबर बहुधा मीच असायचो. जेत्यांची नावं चषकांवर कोरली जातात. या माणसांची नावं, त्यांची कारागिरी, कुठल्या लाकडाला कुठलं तेल, हे कोण लिहून ठेवणार?

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं. त्या वेळी वसतिगृहात असलेले विद्यार्थी आज ऐंशीच्या पुढे आहेत. नदीकाठची, बोटींची त्या दिवसांतली हकिकत फक्त तेच सांगू शकतील. त्यांच्याकडे आजच जाऊन बसायला हवं.

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी ऑक्सफर्डला बोटींच्या शर्यतीचं आव्हान दिलं ते 1829 साली. ती पहिली शर्यत हेन्लेला झाली. 1877 ची बरोबरीत सुटली. 1912 मध्ये दोन्ही बोटींत पाणी शिरलं. हे सगळं मी पुण्यात बसून सांगू शकतो, कारण तिथे वेळच्या वेळी लिहून ठेवलं गेलं. आणि मुळेवरची साठ वर्षांपूर्वीची एखादी चुरशीची शर्यत मला शोधूनही वाचायला मिळत नाही, याचं फार वाईट वाटतं.

या इतिहासात नदीही यायला हवी. मी जन्मभर पाटबंधाऱ्यांची कामं केली, म्हणून मला हे विशेष महत्त्वाचं वाटतं. रोज पाण्यावर जाणाऱ्या मुलांनी नोंदी ठेवल्या असतील, तर पाण्याला वास कधी येऊ लागला, जलपर्णीमुळे सराव कधी थांबला, हे त्यांत सापडेल. नदीकाठ सुधारण्याच्या एवढ्या चर्चा चालू असताना अशी वही लाखमोलाची आहे. हे दुखणं आपल्याकडेच आहे असंही नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजची शर्यत जिथे होते त्या थेम्स नदीत 2024 ला सांडपाण्यातून येणारे ई-कोलाय जिवाणू आढळले आणि जिंकल्यावर कॉक्सला, म्हणजे बोटीची दिशा सांभाळणाऱ्याला, पाण्यात फेकण्याची जुनी रीत त्या वर्षी टाळायला सांगावं लागलं.

माजी विद्यार्थ्यांना हात जोडून विनंती आहे. माळ्यावरच्या ट्रंका उघडा. फोटो असतील तर मागे नावं आणि साल लिहा, वडिलांच्या किंवा आजोबांच्या रोजनिशा रद्दीत घालू नका. आज क्लबात असलेल्या मुलामुलींनी फोनवर या ज्येष्ठांचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं आणि सुरुवात बोटमन मंडळींच्या घरांपासून करावी. माझ्याकडचे फोटो मी द्यायला तयार आहे.

— एक माजी विद्यार्थी, कोथरूड, पुणे