रिमोटच्या गाडीलाही पायवाटेची मर्यादा हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गडकिल्ल्यांवरची गर्दी, ड्रोनचा उपद्रव आणि डोंगरात मोठ्याने गाणी लावणारे पर्यटक यांविषयी मराठी वृत्तपत्रांतून वाचक पोटतिडकीने लिहीत असतात. त्याच विषयाला जोडून एका नव्या छंदाबद्दल मला काही सांगायचे आहे. रॉक क्रॉलर, म्हणजे रिमोटवर चालणारी आणि खडकांवरून सावकाश चढउतार करणारी छोटी गाडी, आता महाराष्ट्रातही विकत मिळते, आणि ज्याने ती घेतली त्याला ती डोंगरात न्यावीशी वाटणारच. मी अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात राहते आणि भोवतालच्या सोनोरन वाळवंटात हा छंद गेली बरीच वर्षे करते. पायवाटेवर ही गाडी चालवण्याला माझा विरोध नाही, उलट तिच्या बाजूने मी आग्रहाने बोलेन. मात्र गाडी लहान आहे एवढ्यावर ती कुठेही न्यायची मुभा मिळते, ही समजूत मला घातक वाटते.

हे यंत्र मोठे विचारपूर्वक बनवलेले असते. खऱ्या जीपच्या एकदशांश आकाराची, साधारण तीन किलो वजनाची ही गाडी वेगासाठी नसतेच. मोटरचा वेग गिअरमधून इतका उतरवलेला असतो की गाडी माणसाच्या चालीने चालते, पण चाकांना जोर भरपूर मिळतो. पुढचे आणि मागचे दोन्ही ॲक्सल अखंड असतात आणि डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, कायम लॉक केलेले असते, त्यामुळे एक चाक अधांतरी राहिले तरी दुसऱ्याची ओढ कमी होत नाही. टायरमध्ये हवेऐवजी फोम असतो आणि मऊ रबर दगडाच्या कडेला अक्षरशः बिलगते. रिमोटचा ट्रिगर सोडला की मोटरच ब्रेकचे काम करते आणि गाडी उभ्या चढावर जागच्या जागी थांबते. बाकी सारे कौशल्य नजरेचे: कोणते चाक कोणत्या कंगोऱ्यावर टेकवायचे, वजन कुठल्या बाजूला झुकू द्यायचे, माघार कधी घ्यायची. फिनिक्सच्या दक्षिणेला साउथ माउंटन नावाचे सोळा हजार एकरांहून मोठे महापालिकेचे राखीव उद्यान आहे. त्याच्या पश्चिम भागात नीस नावाचा पट्टेदार खडक आणि पूर्वेकडे ग्रॅनाइटच्या जातीचा खडक उघडा पडलेला आहे. चालणारा माणूस ज्या घोटाभर उंचीच्या पायरीकडे लक्षही देत नाही, ती या गाडीसाठी एक अवघड कोडे असते, आणि ते सोडवताना आपण खडकाकडे इतक्या बारकाईने पाहतो की त्याचे पदर, भेगा, रंग सगळे ओळखीचे होऊन जातात. आवाज जवळजवळ नसतो, धूळ उडत नाही. आजोबा आणि नातू दोघांना सारख्याच गतीने चालायला लावणारा दुसरा छंद मला माहीत नाही.

तरीही "एवढ्याशा खेळण्याने काय बिघडणार?" हा प्रश्न ऐकला की मला स्वस्थ बसवत नाही, कारण वाळवंटात जे बिघडते ते बहुधा या गाडीहूनही लहान असते. वाटेच्या कडेला जमिनीवर काळपट, खडबडीत साय धरल्यासारखा एक थर दिसतो. ती नुसती माती नसते. सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंचे सूक्ष्म तंतू, दगडफूल आणि शेवाळ यांनी मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवलेले असतात. या थरामुळे वाऱ्याने माती उडत नाही, पावसाचे पाणी जमिनीत टिकते आणि हवेतला नायट्रोजन मातीत उतरतो. एकदा तो चुरडला की पूर्ववत व्हायला कित्येक दशके लागू शकतात. सवारो हा या वाळवंटाचा उंच निवडुंग सगळ्यांना छायाचित्रांतून माहीत असतो, पण त्याचे रोप पहिल्या आठ वर्षांत जेमतेम अडीच ते चार सेंटीमीटर वाढते आणि पालो वेर्देसारख्या झाडाच्या सावलीत दगडांआड लपलेले असते. क्रॉलरच्या चाकाचा व्यास सुमारे बारा सेंटीमीटर असतो. आठ वर्षांचे रोप त्याखाली गेले तर चालवणाऱ्याला कळतही नाही.

कासवाचे उदाहरण तर प्रत्येक छंदिष्टाने लक्षात ठेवावे असे आहे. सोनोरन वाळवंटातले कासव आयुष्याचा बहुतेक काळ खडकांखालच्या बिळात घालवते आणि पावसात प्यालेले पाणी मूत्राशयात साठवून कोरडे महिने काढते. घाबरले की ते हा साठा सोडून देते, आणि पुढचा पाऊस लांबला तर त्यातच त्याचा अंत होऊ शकतो. म्हणूनच रानातले कासव उचलू नये असे इथे सर्वांना बजावले जाते. आता गंमत म्हणून अशा बिळाच्या तोंडाशी मोटरवर चालणारी गाडी नेणे किंवा कासवाशेजारी ती उभी करून चित्रफीत घेणे याला काय म्हणावे? खडकांच्या त्याच कपारींत रॅटलस्नेक हे विषारी सापही विसावलेले असतात, आणि अडकलेली गाडी काढायला हात शेवटी आपल्यालाच घालावा लागतो.

माझ्या मते खरे नुकसान गाडीपेक्षाही तिच्यामागून जाणारी पावले करतात. गाडी वाट सोडून समोरच्या आकर्षक कातळाकडे वळली की चालवणारा तिच्यामागे जातो, त्याच्यामागे मित्र, आणि चित्रीकरण करणारा आणखी दूर उभा राहतो. तीन किलोंच्या गाडीसाठी दोन-तीन माणसांचे वजन त्या मातीच्या थरावर पडते. मग मागून येणाऱ्याला तिथे वाटच आहे असे वाटते. म्हणून पायवाटेवर क्रॉलर चालवायचाच असेल, तर वाटेतच जो उघडा खडक आहे तेवढ्यावर चालवावा आणि आपले दोन्ही पाय वाटेवर राहतील एवढेच अंतर गाडीला द्यावे. एवढा एक नियम मनापासून पाळला तर बाकीचे बरेचसे प्रश्न उद्भवतच नाहीत.

खडकसुद्धा सगळे सारखे नसतात. साउथ माउंटनवर प्राचीन होहोकाम लोकांनी दगडावर ठोकून काढलेली चित्रे आहेत, आणि आजच्या ओओधम या इथल्या मूळनिवासी समाजासाठी हा डोंगर पवित्र आहे. लोह आणि मँगनीज यांचा जो काळसर लेप हजारो वर्षांत दगडावर चढतो, तो टोचून खालचा फिकट दगड उघडा पाडला की चित्र दिसते. गाडीच्या पोटाखालची धातूची पट्टी त्या लेपावर घासली की तसाच फिकट ओरखडा उमटतो आणि तो पुसता येत नाही. अशा शिळांच्या जवळपासही क्रॉलर नेऊ नये, मग तिथे फलक असो वा नसो.

टायरमधून बीही प्रवास करते. आपल्याकडे अंजन म्हणून ओळखले जाणारे चाऱ्याचे गवत इथे बफेलग्रास या नावाने माजले आहे. वाळल्यावर ते आग एका झुडपापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचवते, आणि सवारोला तर आगीशी सामना करण्याची निसर्गतः सवयच नाही. टायरच्या खाचांमधली माती घरी परतण्याआधी ब्रशने झाडून काढायला पाच मिनिटे पुरतात. लिथियमची बॅटरी दगडावर आपटून फुटली तर पेट घेते, हेही इथे विसरून चालत नाही. २०२३च्या उन्हाळ्यात फिनिक्सचे कमाल तापमान सलग ३१ दिवस ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक होते. अशा दिवसांत गाडी घरीच ठेवावी.

कायद्याविषयी थोडे स्पष्ट लिहायला हवे, कारण गैरसमज फार आहेत. १९६४च्या वाइल्डरनेस कायद्याखाली राखलेल्या प्रदेशात, उदाहरणार्थ फिनिक्सच्या पूर्वेकडील सुपरस्टिशन डोंगररांगेत, मोटरवर चालणारी साधने वर्ज्य आहेत. तिथे सायकलसुद्धा नेता येत नाही. तेव्हा क्रॉलर तिथे नेण्याचा प्रश्नच उरत नाही. इतर उद्यानांत रेंजरला, म्हणजे उद्यानाच्या रक्षकाला, आधी विचारावे आणि नाही म्हटले तर वाद न घालता परत फिरावे. ड्रोन आले तेव्हा हौशी लोकांनी तारतम्य ठेवले नाही, आणि २०१४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत त्यांच्यावर सरसकट बंदी आली. वाटेवरच्या शिष्टाचारात सायकलवाला पादचाऱ्याला आणि दोघेही घोड्याला वाट देतात. क्रॉलरने या सगळ्यांनंतर उभे राहावे. घोडा दिसला की गाडी जागीच थांबवावी आणि स्वाराशी दोन शब्द बोलावे, म्हणजे समोर माणूस आहे हे घोड्याला समजते आणि तो बुजत नाही.

हे सारे मराठी वाचकांसमोर मांडण्याचे कारण कोकणातले सडे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील जांभ्याचे ते उघडे, सपाट कातळ रिमोटच्या गाडीसाठी जणू मुद्दाम घडवल्यासारखे वाटतील, आणि उन्हाळ्यात तिथे काहीच नाही असा भासही होईल. पण पावसाळ्यात फुलणाऱ्या कितीतरी वनस्पतींचे बी आणि कंद त्या बोटभर मातीतच पडून असतात, आणि तिथली कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली आहेत. अनेक शिल्पांची खोदाई इतकी उथळ आहे की तिरप्या उन्हावाचून ती नजरेस येत नाहीत. वन विभाग, पुरातत्त्व विभाग आणि ग्रामपंचायती यांनी आपल्या फलकांवर रिमोटच्या वाहनांविषयी एक स्पष्ट ओळ आताच घालावी. आणि छंदासाठी जागाही द्यावी: कोकणात काम थांबलेल्या चिरेखाणी गावोगाव आहेत, त्यांतली पाणी न साठणारी, कडा न ढासळणारी एखादी खाण मालकाच्या संमतीने क्रॉलरसाठी ठरवून देता येईल. या गाडीला एखाद्या अंगणाएवढा खडबडीत दगड दिवसभर पुरतो. ज्या गावात असा प्रयत्न करायची तयारी असेल, त्यांना मार्ग कसा आखावा, चढ किती ठेवावा, सैल दगड कुठे नको, हे आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून सविस्तर कळवायला मला आनंद वाटेल.

आपली नम्र,
एक वाचक
फिनिक्स, ॲरिझोना