पाळीवर माती पडली, गवताचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पूर्व विदर्भातील मामा (माजी मालगुजारी) तलावांची दुरुस्ती होते तेव्हा गाळ निघतो, पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, नवी माती चढते, माथा सपाट केला जातो आणि काम पूर्ण झाल्याची नोंद होते; परंतु त्या उघड्या मातीवर गवत लावण्याचे काम बहुतेक ठिकाणी राहूनच जाते. आमच्या गावच्या तलावाची पाळ दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात भरण्यात आली आणि जुलै संपण्याआधीच तिच्या बाहेरच्या उतारावर गुडघाभर खोल घळी पडल्या. वाहून आलेली माती खालच्या बांध्यांत (खाचरांत), नुकत्याच रोवलेल्या धानावर बसली.

आमच्या भागात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. थेंबांच्या माऱ्याने मातीचे कण सुटे होतात, उतारावरून धावणारे पाणी त्यांना घेऊन जाते, आधी बोटभर ओघळ पडतो आणि पुढे त्याचीच घळ होते. माती कन्हार (काळी, चिकण) असेल, तर उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिल्याच सरीचे पाणी पाळीच्या पोटात शिरते. गवत असले म्हणजे त्याची पाने हा मारा झेलतात, बुंधे पाण्याचा वेग मोडतात आणि मुळे माती धरून ठेवतात.

या कामासाठी हरळी उत्तम आहेच, पण उभ्या उतारासाठी तिच्या जोडीला वाळा हवा. ज्याच्या ताट्या आपण उन्हाळ्यात खिडकीला आणि कूलरला लावतो, तेच हे गवत. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली, चांगल्या मातीत दोन ते तीन मीटरपर्यंत जातात; काही दिवस पाण्याखाली राहूनही ते मरत नाही आणि जून झालेले पान जनावर सहसा तोंडी लावत नाही. जागतिक बँकेने १९८०च्या दशकात भारतातील पाणलोट कामांत याचा प्रसार केला होता. हे गवत शेतात घुसेल अशी भीती शेतकरी बांधव बोलून दाखवतात. तथापि दक्षिण भारतातील लागवडीच्या वाळ्याला रुजणारे बी धरत नाही आणि हरळीसारखे धावते खोडही त्याला नसते. पाऊस बसल्यावर दोन-तीन फुटव्यांचा एकेक ठोंब वीतभराहून कमी अंतरावर, उताराला आडव्या ओळीत लावला आणि पहिल्या वर्षी मेलेल्या ठोंबांच्या जागा भरून काढल्या, तर सलग कुंपण तयार होते. ओळीत राहिलेल्या एका खिंडारातूनही पाणी वाट काढते, म्हणून ही भरणी टाळता येत नाही.

पाळीवर मोठी झाडे लावण्याचा उत्साह मात्र आवरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. झाड वाळले की त्याची मुळे कुजतात आणि त्या पोकळीतून पाणी आरपार वाट करते. वादळात झाड उन्मळले, तर पाळीचा लचकाच घेऊन जाते. जुनी झाडे तोडून बुंधे तसेच ठेवणेही याच कारणाने धोक्याचे आहे. झाडांना शेताचे धुरे (बांध) मोकळे आहेत. काठावर वाढणाऱ्या बेशरम या वनस्पतीलाही पाळीचे संरक्षण समजू नये. ती तलावाचे पात्र व्यापते आणि शेळ्यांना विषारी ठरते.

तेव्हा दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातच गवत लागवडीची आणि पुढील एका वर्षाच्या निगेची वेगळी तरतूद असावी. रोपे गावातील महिला बचत गटांकडून आदल्या वर्षीच तयार करून घ्यावीत, म्हणजे ऐन पावसाळ्यात धावाधाव होणार नाही. वाळ्याच्या सुगंधी मुळांना बाजारात भाव असल्याने ती खणून नेण्याचा मोह होईल. पाळीवरील मुळे कोणीही उपटू नयेत, असा ठराव ग्रामसभेने लागवडीपूर्वीच करून ठेवावा. यंदाच्या कामांची अंदाजपत्रके तयार होण्यापूर्वी संबंधितांनी याचा विचार करावा, ही विनंती.

आपला,
एक धान उत्पादक शेतकरी,
ता. साकोली, जि. भंडारा