सिस्टर काकूंना, बिल्डिंग रिकामी होण्याआधी

प्रिय सिस्टर काकू,

पुढच्या महिन्यात बिल्डिंग रिकामी करायची आहे. बिल्डरने भाड्याचे चेक दिले, सगळ्यांनी आपापली सोय बघितली. तुम्ही मुलाकडे बदलापूरला चाललात, आम्ही कळव्याला. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आपल्या या बिनलिफ्टच्या तीन मजल्यांच्या जागी टॉवर कधी उभा राहील ते देव जाणे. समोर बसून आभार मानायला गेले तर तुम्ही "पुरे गं, चहा टाक" म्हणून उडवून लावाल. म्हणून लिहून काढतेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. साखरेबद्दल आणि खाण्याबद्दल तुम्ही मला जे सांगितलंत ते माझ्या वयाच्या कितीतरी बायकांच्या कामाचं आहे, आणि मला ते कुठल्याच डाएट प्लॅनमध्ये सापडलं नव्हतं.

ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझी रक्तातल्या साखरेची एचबीएवनसी तपासणी ६.१ आली तेव्हा मी ४८ वर्षांची होते. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी दालचिनीचं पाणी सांगितलं, कोणी मेथीदाणे, कोणी भात कायमचा बंद. एका ॲपने नाश्त्याला ॲव्होकॅडो टोस्ट सुचवला. जांभळी नाक्यावर ॲव्होकॅडोचा भाव विचारून बघा एकदा!

तुम्ही चष्मा चढवून रिपोर्ट वाचलात आणि साखरेचा आकडा सोडून भलतीकडेच बोट ठेवलंत. हिमोग्लोबिन, ९.८. "हे आधी बघू. लोह कमी असलं की साखरेचा हा आकडा फुगलेला दिसू शकतो." एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं पासबुक, हे तुम्हीच समजावलंत. पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिला चिकटलेल्या साखरेची नोंद त्यात राहते. पेशींचंच गणित बिघडलेलं असेल तर नोंदीवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. मग तुम्ही हळूच विचारलंत, "पाळी कशी आहे?" वर्षभर भयंकर अंगावर जात होतं. चाळिशीनंतर असंच असतं, असं घरीदारी ऐकून मीही ते धरून चालले होते. तुम्ही ताबडतोब स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलंत. सोनोग्राफी झाली, उपचार सुरू झाले, लोहाच्या गोळ्या लागल्या. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा तासभर तरी लांब ठेवायचा, कारण चहाने लोह अंगी लागत नाही, हे तुमच्याकडूनच कळलं. जेवणावर लगेच चहा ही आमच्या घरची तीन पिढ्यांची रीत. ती मोडल्याबद्दल सासूबाई अजून तुमच्यावर नाराज आहेत.

उपाशीपोटीची साखर मात्र खरोखरच वाढलेली निघाली, १०८. शिवणकामाची टेप आणून तुम्ही माझी कंबरही मोजलीत. आपल्याकडच्या बायकांनी ८० सेंटिमीटरच्या आत राहावं म्हणतात, माझी ९२ भरली. मला वाटलं, आता खाणं बंद करायची यादी येणार.

यादी आली नाही. त्याऐवजी एका रात्री नऊच्या सुमारास तुम्ही वाटीभर दही मागायला आलात. (दही तुमच्याकडे होतं. तुमच्या फ्रिजमध्ये ते कायम असतंच, मला माहीत आहे.) हे आणि मुलगा जेवून उठले होते. ओट्यावर माझं ताट होतं. भाताचा मोठा ढीग, त्यावर आमटीचं वरचं पाणी, कढईच्या तळाला राहिलेली मटकीची चमचाभर उसळ, सकाळची एक पोळी आणि तोंडी लावायला लोणचं. तुम्ही कढईत डोकावलात, पातेल्याचं झाकण उचललंत, कोशिंबिरीचं रिकामं भांडं पाहिलंत. "हे ताट कोणाचं?" माझं म्हटल्यावर तुम्ही ह्यांना बाहेरून हाक मारलीत. "साहेब, जरा आत या. तुम्ही काय जेवलात ते सांगा." हे बिचारे गोंधळले. दोन वाट्या उसळ, कोशिंबीर, दोन पोळ्या, थोडा भात. मुलाचंही तेच, वर एक ऑम्लेट. एका घरात, एकाच गॅसवर शिजलेलं जेवण, आणि ताटं दोन वेगळ्या प्रकारची. आमच्याकडे भांडण नाही, जाच नाही, कोणी मला उपाशी ठेवत नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर बाई बसते, एवढंच. आणि शेवटी उरतो तो भात. उसळ कधी उरत नाही.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बायकांच्या वॉर्डात नर्स म्हणून सगळी नोकरी झाली त्यामुळे ही ताटं तुम्हाला पाठ होती. तुम्ही मागच्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडलात. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे माझ्या साठ किलोला पन्नासच्या आसपास. पोळीत जेमतेम तीन ग्रॅम, वाटीभर घट्ट उसळीत सात-आठ, अंड्यात सहा, वाटीभर दह्यात चार-पाच. माझी दिवसाची बेरीज तिशीच्या पुढे जाईना. "तुझं जास्त खाणं होत नाहीये," तुम्ही म्हणालात, "भाताने पोट भरतंय आणि बाकीचं तुझ्यापर्यंत पोचतच नाहीये." आजवर प्रत्येकाने मला काय सोडायचं ते सांगितलं होतं. माझ्या ताटात काय येतच नाही, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.

मग तुमचा एकच हुकूम. उसळ झाली की सगळ्यात आधी माझी वाटी बाजूला काढायची, झाकून ठेवायची, आणि तिला कोणी हात लावायचा नाही. पहिले काही दिवस मला इतकं ओशाळल्यासारखं व्हायचं की मी ती वाटी डब्यांच्या मागे ठेवायची! मुलाने विचारलं तर काय सांगणार? त्याने विचारलं, मी सांगितलं, आणि तो म्हणाला, "मग जास्त कर ना." इतकं सोपं होतं ते. आता अर्धा किलो मटकी नाहीतर चवळी एकदम भिजते. आपल्या ठाण्याच्या दमट हवेत मोड झटकन येतात आणि तितक्याच झटकन वासही मारतात, म्हणून मोड दिसले की डबा फ्रिजमध्ये. फ्रिजमधलं तुम्हाला पटत नाही. पण काकू, आठ-बाराची लोकल पकडून ऑफिस गाठणाऱ्या बाईला फ्रिजशिवाय गत्यंतर नाही. हा एक मुद्दा मी शेवटपर्यंत सोडला नाही, आणि संध्याकाळी सातला जेवायचा तुमचा आग्रहही मानला नाही. सातला मी अजून मुलुंडच्या पलीकडेच असते.

भात तुम्ही तोडला नाहीत. आधी कोशिंबीर आणि उसळ, भात शेवटी आणि मुठीएवढा, इतकंच. तेच खाणं या क्रमाने खाल्लं की साखर कमी उसळते, हे मी तुमच्या ग्लुकोमीटरवर स्वतः पाहिलं. नाचणीचंही तसंच. मी उत्साहाने दोन्ही वेळा नाचणीची भाकरी सुरू केली तेव्हा तुम्ही थांबवलंत. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हाडांना ती चांगलीच. पण भाकरी ती भाकरी, पिठाने साखर वाढायची ती वाढतेच, आणि पातळ आंबिलीने तर जास्तच भराभर. तुमच्या चेंदणी कोळीवाड्याच्या माहेरची सुकट मात्र तुम्ही मला बळेच खायला शिकवलीत, तीही दोनदा पाण्यात धुऊन, मीठ उतरवून. पावसाळ्यात येऊरच्या बायका टाकळा, कंटोळी, शेवळं अशा रानभाज्या घेऊन बसतात तिथे तुमच्याबरोबर जाणं हा तर सोहळा. शेवळं काकडांशिवाय (त्या भाजीत घालायची आंबट रानफळं) शिजवायची नाहीत, नाहीतर घशाला खाज सुटते, हे भाजीवालीच्या आधी तुम्ही सांगणार. आणि मामलेदारची मिसळ? "उसळ दोनदा घे, पाव एक." यावर मी काय बोलणार.

व्यायामाचं नाव काढलं की मला ट्रॅकसूट घातलेल्या बायका आठवायच्या. तुम्ही स्वयंपाकघरातली खुर्ची ओढलीत आणि हात न टेकता उठ-बस करायला लावलंत. पाचव्यांदा उठताना मांड्या थरथरल्या. पाळी जायच्या सुमाराला इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, हाडं झपाट्याने विरळ व्हायला लागतात, स्नायूही झडत असतात. जेवणातून रक्तात आलेल्या साखरेतला मोठा वाटा हेच स्नायू उचलतात, ते झडले तर ती साखर जाणार कुठे, हे तुम्ही त्या खुर्चीशेजारी उभ्या राहून सांगितलंत. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ आहे, तेव्हा ही तयारी साठीत करून चालत नाही. चालणं चांगलंच, पण आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचे व्यायाम हवेत, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तुमच्याकडे त्यासाठी खुर्ची, जिना आणि पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या.

आणखी एक गोष्ट, जी बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. शिंकताना, लोकलमध्ये चढताना थोडी लघवी निसटायची. तुम्ही न लाजता विचारलंत, ओटीपोटाच्या खालचे स्नायू आवळायचा आणि सोडायचा व्यायाम शिकवलात. फलाटावर उभ्या उभ्या करता येतो, शेजारणीला पत्ता लागत नाही.

रात्रीचं जेवण झालं की तलावपाळीपर्यंत जाऊन यायचं, हे तर आता ह्यांच्याही अंगवळणी पडलंय. सकाळच्या फेरीपेक्षा जेवणानंतरची पंधरा मिनिटं साखरेला जास्त सोयीची, हा तुमचा सिद्धांत. ह्यांचा सिद्धांत असा की तलावपाळीला गेल्यावर भाजलेलं कणीस घ्यावंच लागतं.

आता आकडे, कारण ते तुम्ही विचारणारच. हिमोग्लोबिन १२.३. एचबीएवनसी ५.८, म्हणजे अजून उंबरठ्यावरच, पण एक पाऊल मागे. कंबर ८६. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा आणि लक्ष ठेवा. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत देशात १३ कोटींहून जास्त लोक याच उंबरठ्यावर असल्याचा अंदाज होता. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशाच भारतीय माणसांचा तीनेक वर्षं अभ्यास केला होता. २००६ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात खाण्यापिण्यात आणि हालचालीत बदल केलेल्यांचा मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला. धोका शून्यावर गेला नाही, हेही मी वाचलं. म्हणून तुमचं आणखी एक वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, "पुढे गोळी लागलीच तर घ्यायची, त्यात लाज कसली?" घरगुती उपायांच्या नावाखाली गोळ्या टाळून वॉर्डात आलेल्या बायका तुम्ही पाहिल्यात. तुम्ही कधीच म्हणाला नाहीत की उसळीने सगळं बरं होतं.

पहिल्या मजल्यावरच्या दोघींनी आणि समोरच्या वहिनींनीही आपली वाटी आधी काढायला सुरुवात केली आहे. सासूबाईंनीसुद्धा. चहाचा राग तेवढा कायम आहे.

तुमचं बीपीचं मशीन तुम्ही मला देऊन टाकलंत ते पॅक केलंय. दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचं वेल्क्रो सैल झालंय, गोखले रोडला बदलून घेते. दिवाळीनंतर पुन्हा रक्त तपासायचं आहे. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवेन, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची दोन्ही, हिमोग्लोबिनसकट. फोटो सरळ काढेन, तुम्हाला आडवा वाचता येत नाही. आणि बदलापूरच्या बाजारात शेवळं ठाण्याच्या आधी येतात म्हणे, तेव्हा जूनमध्ये काकडांसकट दोन जुड्या माझ्या नावाने घेऊन ठेवा. न्यायला मी येते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची